झिरो बघा, ताई

ताई,

मी नेरूळला राहते, नोकरी महापेला. रोज स्कूटरने जाते-येते. गेल्या महिन्यात टाकी पार रिकामी होती म्हणून एका पंपावर पाचशेचं पेट्रोल सांगितलं. मुलाने दोनशेवर थांबवलं आणि म्हणाला, "दोनशेच म्हणालात ना?" मी नाही म्हणतेय तोवर दुसरा "कॅश की स्कॅन?" विचारत पुढे आला. वळून बघते तर मीटरवर तीनशे. आधीचे दोनशे आणि हे तीनशे, पाचशे झाले म्हणून स्कॅन करून टाकले. काटा अर्ध्याच्या जेमतेम वर बघून घरी आल्यावर उजेड पडला की मधे मीटर झिरो केलंच नव्हतं.

रात्री जेवताना मी म्हणाले, "परदेशासारखं आपल्याकडेही ज्याचं त्याला पेट्रोल भरू द्यावं. ही पंपावरची माणसं चोरच असतात." बाबा ताटावरून उठले. बाबांनी ठाण्यात २६ वर्षं पंपावर काढली, आधी नोझलवर, मग कॅशला. माझं शिक्षण त्याच पगारावर झालं. तीन आठवडे झाले, कामापुरतं बोलतात. त्यात न्यू जर्सीचा मावसभाऊ फोनवर म्हणाला की आमच्याकडेही पंपावरचा माणूसच भरतो, तेव्हापासून बाबांचा चेहरा सामना जिंकल्यासारखा. चूक कुणाची? लोकांना स्वतः भरू द्यावं की नाही? आणि ऑफिसात सगळे शंभरऐवजी एकशेदहाचं, दोनशेऐवजी दोनशेदहाचं भरतात, त्याने खरंच फरक पडतो का?

एक वाचक, नेरूळ

*

तुझे दोनशे रुपये गेले. पाचशे दिलेस, तीनशेचं पेट्रोल मिळालं. ही युक्ती जुनी आहे आणि तिला माणसं दोन लागतात. एक नोझलवर, दुसरा तुझी मान वळवायला. "कॅश की स्कॅन?", "ताई, हवा बघायची का?", "इंजिनात टाकायची ही बाटली घेता का?", काहीही चालतं. मीही ठाण्यातच एका पंपावर पर्समध्ये सुटे शोधता शोधता दीडशेला फसले आहे, आणि लाजेने घरी कुणाला सांगितलं नाही. तू निदान जेवताना सांगितलंस. कसं सांगितलंस, त्यावर पुढे बोलू.

नोझल तुझ्या हातात असता आणि पैसे आधीच स्कॅन करून झाले असते, तर ही फसवणूक झालीच नसती. मान वळवायला कुणी नाही, मीटर डोळ्यांसमोर, चाप आपल्या बोटाखाली. तेवढ्यापुरती तू अगदी बरोबर आहेस, आणि २६ वर्षं पंपावर काढलेल्या माणसाला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

पण दुसऱ्या जातीची चोरी बघ. २०१७ साली आधी उत्तर प्रदेशात आणि मग आपल्या ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यात ठिकठिकाणी पंपांवर छापे घातले. तेव्हा जे सापडलं ते मशीनच्या पोटात होतं. मशीनमध्ये पल्सर नावाचा एक भाग असतो. पेट्रोल किती वाहिलं ते तो विजेच्या ठोक्यांत मोजतो आणि तेच ठोके मीटरवर लिटर आणि रुपये होऊन दिसतात. तिथे चिप बसवली किंवा पल्सरमध्येच हात घातला की टाकीत पेट्रोल कमी जातं आणि मीटर पूर्ण दाखवतं. झिरो झिरोच असतो, पाचशेचे पाचशेच दिसतात. अशा मशीनपुढे तू स्वतः नोझल धरून डोळे फाडून उभी राहिलीस तरी काही कळणार नाही. उलट "मी माझ्या हाताने भरलं" म्हणत निर्धास्त घरी जाशील. आणि असली चिप काही पंपावरचा पोरगा पगारातून पैसे साठवून आणत नाही. तिचा फायदा ज्याच्या गल्ल्यात जातो तो माणूस पावसात उभा नसतो.

यावरचा उपाय पंपावरच ठेवलेला असतो, आणि जवळजवळ कुणी मागत नाही. पाच लिटरचं माप. धातूचं, वजनमापं तपासणाऱ्या सरकारी वैधमापन शास्त्र यंत्रणेचा शिक्का मारलेलं, गळ्याशी खूण असलेलं. ते पंपावर असावंच लागतं, आणि गिऱ्हाइकाला शंका आली तर त्यात पाच लिटर सोडून दाखवावं लागतं. त्याचे पैसे पडत नाहीत, पेट्रोल परत टाकीत जातं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंत फरक चालतो, म्हणजे चहाचे पाच चमचे. त्याहून जास्त तूट आली तर तक्रार करायची. आपण काय करतो? वीस वर्षं त्याच पंपावर जातो, रांगेतल्या मागच्या माणसाने हॉर्न वाजवला की घाबरतो आणि माप कुठल्या कोपऱ्यात ठेवलंय तेही आपल्याला ठाऊक नसतं.

तुझा मावसभाऊ म्हणाला ते खरं, पण तो अमेरिकेचं सांगत नाहीये, एका राज्याचं सांगतोय. न्यू जर्सीत १९४९ पासून कायदाच आहे की गाडीवाल्याने पंपाला हात लावायचा नाही. त्यामागची गोष्ट मोठी मासलेवाईक आहे. तिथे हॅकेन्सॅकच्या एका पंपमालकाने "तुमचं तुम्ही भरा" म्हणत भाव उतरवला आणि गिऱ्हाइकांची रांग लागली. बाकीचे पंपमालक धावले ते थेट कायदा करणाऱ्यांकडे. सुरक्षेचं नाव पुढे केलं आणि स्वस्त विकणाऱ्याची वाट बंद केली. म्हणजे ज्या कायद्याच्या जोरावर बाबा जिंकल्यासारखे वागतात, तो पंपावर राबणाऱ्यांच्या कळवळ्याने झालेला नाही. हे त्यांना सांगू नकोस. निदान या महिन्यात नको.

बाकी अमेरिकेत ज्याचं तोच भरतो. ओरेगॉन नावाच्या राज्यातही १९५१ पासून बंदी होती, आणि त्या कायद्यात बंदीची सतरा कारणं ओळीने लिहिली होती. त्यातलं एक वाचून मी खूप हसले. आमच्याकडचं हवामान असं की जमीन ओली आणि निसरडी होते, लोक घसरतील! त्यांनी एकदा जुलैत घोडबंदर रोडला येऊन जावं. असो. ती बंदी २०२३ साली उठली, पण उठवताना दोन अटी घातल्या, त्या लक्षात ठेव. दोन्ही सोयी देणाऱ्या पंपावर निदान निम्म्या मशीनवर माणूस उभा असलाच पाहिजे, आणि स्वतः भरा की भरून घ्या, भाव एकच.

टेक्सासला बहिणीकडे गेले होते तेव्हा मी हा पराक्रम करून बघितला. मशीनने कार्ड घेतलं आणि झिप कोड मागितला. त्याला पाच आकडे हवे होते, माझ्याकडे ठाण्याचा सहा आकडी पिन. दोनदा नकार आला. मग आत दुकानात जाऊन "सात नंबरवर चाळीस डॉलर" असं आधी पैसे देऊन सांगून आले. नोझल उचलला, चाप दाबला, तो खटकन बंद. परत दाबला, परत बंद. तिसऱ्यांदा जरा बाहेर ओढून दाबला तर पेट्रोल माझ्या चपलेवर. दोन दिवस बहिणीच्या गाडीत तो वास होता आणि दोन दिवस ती हसत होती. काम काही अवघड नाही, चार वेळा केलं की जमतं. पण "त्यात काय मोठंसं?" असं मी आता कुणाच्याच कामाबद्दल म्हणत नाही.

आणि ती मोटार होती. इथे येऊन आपली गाडी निराळ्या रुळावर जाते. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. पेट्रोल तिथवर चढलं की आतला हवेचा ओढा तुटतो आणि खटका पडून नोझल आपोआप बंद होतो. ही सगळी सोय मोटारीच्या लांब नळीसाठी. तुझ्या स्कूटरच्या पाच लिटरच्या टाकीत नोझल धड आतच जात नाही. तो मुलगा काय करतो, पुढच्या वेळी नीट बघ. नोझल तिरका धरतो, चाप अर्धाच दाबतो आणि कान देतो. माठ भरत आला की नळाचा आवाज चढतो ना, तसा टाकीचा आवाज चढतो. तो ऐकून तो बोट सैल करतो. जरा चुकलं तर पेट्रोल सीटखाली, नाहीतर तापलेल्या सायलेन्सरवर. आपल्याकडे रस्त्यावरच्या दर चार वाहनांत साधारण तीन दुचाकी असतात. महापे-रबाळे सुटल्यावर संध्याकाळी साडेसहाला ठाणे-बेलापूर रोडवरच्या पंपावर ज्या रांगा लागतात, त्यातल्या प्रत्येकाने उतरायचं, स्टँड लावायचा, स्कॅन करायचं, नोझल धरायचा, टोपण शोधायचं, आणि पावसाळा असेल तर हे सगळं रेनकोटात! परदेशात ही पद्धत बसवली ती मोटारींवर. आपल्याला ती तशीच्या तशी उचलून चालायचं नाही.

शिवाय २०२४ च्या १ आणि २ जानेवारीला ट्रकचालकांच्या संपाच्या बातमीने पंपांवर काय गर्दी उसळली होती ते आठव. त्या दिवशी नोझल मोकळे असते तर किती जणांनी पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या असत्या याची मला कल्पनाही करवत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती उडून जात नाही, जमिनीलगत पसरते. सीएनजीचं तर विचारूच नकोस. गाडीच्या सिलिंडरात दोनशे बारच्या आसपास दाबाने भरतात तो वायू. तिथे शिकलेला माणूसच हवा.

म्हणजे मी बाबांच्या बाजूची झाले का? थांब. नोकरी वाचली पाहिजे म्हणून तिला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. पेट्रोलमध्ये बेंझिन असतं. बीएस सहाच्या, म्हणजे प्रदूषणाच्या सरकारी निकषात ते एक टक्क्यापर्यंत चालतं, आणि बेंझिनने कर्करोग होतो हे पक्कं ठाऊक आहे. तू दहा दिवसांतून एकदा दोन मिनिटं तो वास घेतेस. नोझलवाला पाळीभर घेतो. वाफ परत ओढून घेणारी यंत्रणा मोठ्या शहरांतल्या जास्त खपाच्या पंपांवर असायला हवी, पण ती चालू आहे का हे आपण कधी विचारतो? बाबा नोझलवर होते तेव्हा आई त्यांचा शर्ट वेगळा भिजवायची का, तिला विचारून बघ.

ब्राझीलने २००० साली कायदा करून स्वतः भरायच्या पंपांना बंदी घातली. दक्षिण आफ्रिकेतही पंपावरचा माणूसच भरतो. दोन्हीकडे कारण एकच, एवढ्या लोकांच्या पोटाचं काय. जपानने १९९८ मध्ये मुभा दिली, पण आत बसलेला माणूस लक्ष ठेवतो, आणि त्याने परवानगीचं बटण दाबल्याशिवाय पेट्रोल येत नाही. इटलीत तर एकाच पंपावर दोन भाव लावलेले दिसतात, स्वतः भरलं तर स्वस्त.

मला विचारशील तर ओरेगॉनवाल्यांचं पटतं. ज्याला आपल्या हाताने भरायचंय त्याला भरू द्यावं, आधी पैसे घेऊन, आणि सुरुवात मोटारींच्या एक-दोन मशीनपासून करावी. दुचाक्यांना माणूस राहू द्यावा. आणि भाव एकच ठेवावा, यावर मी हटून बसेन. कारण लिटरला रुपया कमी म्हटलं की आपण सगळे, मी धरून, तिकडे पळणार. वर्षभरात नोझलवरची पोरं घरी बसतील, आणि तो रुपयाही पुढे कुठल्या तरी हिशेबात विरघळून जाईल. एक धोका मात्र स्वतःच्या अंगावर घ्यावा लागेल. पेट्रोलचा नोझल डिझेलच्या गाडीत सहज जातो, उलटं सहसा होत नाही, कारण डिझेलचा नोझल जाड असतो. आज चूक झाली तर पंपवाल्याशी भांडता येतं. तेव्हा कुणाशी भांडणार? (झालीच कधी, तर गाडी सुरू करायची नाही. चावीसुद्धा फिरवायची नाही. ढकलून बाजूला घ्यायची आणि मेकॅनिकला बोलवायचं.)

आता बाबा. तुझं वाक्य मी तीनदा वाचलं. "पंपावरची माणसं चोरी करतात" एवढंच म्हणाली असतीस तर बाबा उठले नसते. कदाचित घास गिळून त्यांनीच दोन किस्से सांगितले असते, कुणी कशी मारली आणि कसा पकडला गेला याचे. तू म्हणालीस, "चोरच असतात." त्या एका "च"मध्ये २६ वर्षं आली, तुझी फी आली, आणि ते ज्या ताटावर बसले होते तेही आलं.

पाळी कशी संपते ते तुला माहीत आहे का? सुरुवातीचं रीडिंग, शेवटचं रीडिंग, त्यातून टेस्टिंगचे, म्हणजे मापात सोडून परत टाकीत ओतलेले लिटर वजा, गुणिले भाव. मग कॅश, कार्डाच्या स्लिपा, स्कॅनचे पैसे, सगळं जुळलं पाहिजे. शॉर्ट आलं तर बऱ्याच पंपांवर ते त्याच्याच खिशातून जातं. कुणी टाकी फुल करून पैसे न देता पळाला, तरी त्याच्याच. दुसऱ्याने केलेली चोरी पगारातून भरलेल्या माणसाला तू चोर म्हणालीस, असंही असू शकेल. मला माहीत नाही. तूही कधी विचारलं नसशील.

माफी मागायला बसू नकोस. आपल्या घरांतून बापाची माफी मागितली की तो "असू दे, असू दे" म्हणून टीव्हीचा आवाज वाढवतो. त्यापेक्षा त्यांना काम दे. तू पैसे स्कॅन करून दिलेस ना? मग फोनमध्ये तारीख आणि मिनिटासकट पाचशेची नोंद आहे. आजकालची बरीचशी मशीनं प्रत्येक विक्री नोंदवतात, आणि तुझ्यासाठी नोझल उचलल्यापासून खाली ठेवेपर्यंतची विक्री तीनशेची आहे. ही दोन कागदं शेजारी ठेवली की मॅनेजरला बोलायला जागा उरत नाही. पण ती नोंद कुठे असते, कुणाला विचारायची, तक्रारवही मागितल्यावर "साहेब बाहेर गेलेत" म्हणाले तर काय करायचं, हे तुला कळणार नाही. कॅशवर बसलेल्या माणसाला कळेल. तेव्हा रविवारी सकाळी, गर्दी नसताना, चहा झाल्यावर फोन त्यांच्यापुढे धर आणि विचार, "बाबा, हे कसं शोधायचं?" बहुतेक आधी तुलाच ओरडतील, झिरो बघायला काय झालं होतं म्हणून. ओरडू दे. तीन आठवड्यांनंतर ओरडणं म्हणजे बोलणंच.

पंपावर मात्र त्यांना मागे बसवून ने, आणि तिथे पोचल्यावर तू गप्प राहा. पाच लिटरचं माप त्यांना मागू दे.

ता.क. एकशेदहाचं राहिलं. काही फरक पडत नाही. मशीन ठोके मोजतं, ते शंभरलाही तेच आणि एकशेदहालाही तेच. गोल आकड्यावर काही सेट करून ठेवलेलं असतं या समजुतीने मीही कैक वर्षं एकशेदहाचं भरत आले. त्यात झालं एवढंच की दर वेळी सुट्या दहासाठी पर्समध्ये बघायचे. आणि दीडशेला फसले ती नेमकी तेव्हाच.